विद्यापीठाच्या दाराचा इतिहास

विद्यापीठांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहेत. त्यांत कुलगुरूंची नावे असतात, कोनशिलांच्या तारखा असतात, सुवर्णपदके मिळवणाऱ्यांच्या याद्या असतात. परंतु दाराचा इतिहास क्वचितच आढळतो. आत कोणाला घ्यायचे, कोणत्या कसोटीवर घ्यायचे, ती कसोटी कोणी ठरवली आणि तिच्यामुळे बाहेर कोण राहिले, हा तो इतिहास. मी कामगार संघटनेतला माणूस. माझे शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि पुढचे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. विद्यापीठ आतून कसे असते ते विद्वानांनी सांगावे. त्याचे दार बाहेरून कसे दिसते, एवढे मात्र मी सांगू शकतो. आणि वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला या विषयासाठी फार लांब जावे लागत नाही. शिक्षणाची कसोटी कशी असावी याविषयी या जिल्ह्यातून देशाला दोनदा वेगळा विचार मिळाला : एकदा १९३७ साली आणि पुन्हा १९६९ साली. त्या दोन्ही विचारांचे पुढे काय झाले, हे श्रोत्यांपुढे मांडावे असे मला वाटते.

आरंभ थोडा मागून करू. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली निघाली. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करायचे आणि परीक्षा विद्यापीठाने घ्यायची, अशी ती व्यवस्था. त्यामुळे सामान्य माणसाला विद्यापीठाची पहिली ओळख झाली ती परीक्षेच्या रूपाने. मुंबईची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या उत्तीर्ण तुकडीतले. याच परीक्षेला पुढे सारा महाराष्ट्र ‘मॅट्रिक’ म्हणू लागला. मॅट्रिक म्हणजे खरे तर विद्यापीठाच्या पटावर नाव दाखल होणे. परंतु सरकारी कचेऱ्यांनी नोकरीसाठी त्याच परीक्षेचा दाखला मागायला सुरुवात केली आणि शब्दाचा अर्थ बदलून गेला. विद्यापीठात पाऊल न टाकणाऱ्या हजारो मुलांच्या नशिबाचा निकालही तिथेच लागू लागला. दार एका वाड्याचे, पण रांग साऱ्या गावाची, असा तो प्रकार झाला. गावोगावच्या शाळा त्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यात इंग्रजीचे माहात्म्य इतके वाढले की मराठीला विद्यापीठात पुन्हा मानाची जागा मिळावी म्हणून खुद्द रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली.

या दाराविषयी बाहेरच्या माणसाच्या बाजूने बोलणारा पहिला मोठा आवाज जोतीराव फुले यांचा. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यातली प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच निवेदनात आणखी एक मागणी आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. खासगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेस बसू देण्याच्या धोरणाचे फुल्यांनी स्वागत केले आणि तीच सवलत वरच्या परीक्षांनाही द्यावी असे सुचवले. या मागणीत केवढा व्यवहार होता! ज्याच्या घरी महाविद्यालयाची फी नाही, ज्याला दिवसा पोटासाठी राबायचे आहे, त्याने अभ्यास केव्हा करायचा? रात्री, घरी, आपल्या सोयीने. अशा माणसाला तू शिकलास कोठे असे न विचारता तुला येते काय एवढेच विचारावे, असा त्या मागणीचा अर्थ.

फुल्यांच्या या मागणीची फळे फार उशिरा दिसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना वर्गाला बसता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. प्रवेशाच्या नियमांची चर्चा करताना आपण गुणांविषयी बोलतो, घड्याळाविषयी बोलत नाही. पण कामगाराला पहिली अडचण घड्याळाची असते. पुढे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांची बारावी झालेली नाही अशा प्रौढांसाठी त्याने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला. तो पुरा करून पदवीच्या वर्गात जाता येत असे. माझ्याबरोबर संघटनेत काम केलेल्या काही जणांनी पाळी सांभाळून याच वाटेने पदवी मिळवली आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. इंग्रजी अमदानीत वर्धा मध्य प्रांतात होते. नागपूरला हिस्लॉप व मॉरिस ही महाविद्यालये होती, पण विद्यापीठ नव्हते. तेथील विद्यार्थी आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षा देत. वऱ्हाडच्या शेजारच्या, कापूस पिकवणाऱ्या या मुलखातल्या मुलाची लायकी गंगाकाठी ठरत असे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली झाले आणि वर्धा शहरात वाणिज्य महाविद्यालय निघाले ते १९४० साली. म्हणजे पहिल्या तीन विद्यापीठांनंतर आमच्या गावात महाविद्यालयाचे दार येईपर्यंत त्र्याऐंशी वर्षे गेली.

परंतु दार येण्याच्या आधीच त्याच्याविषयीची मोठी चर्चा इथे झाली होती. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे आजच्या नवभारत विद्यालयात, अखिल भारतीय राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष महात्मा गांधी होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, असा तिचा आशय. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ते काम वाहून घेऊन चालवले. या योजनेत चरखा होता म्हणून तिची पुष्कळ थट्टा झाली. पण तिचा एक धागा आमच्या विषयाशी जुळतो. मुलाची पारख त्याने काय पाठ केले यावर करायची, की त्याच्या हातून काय घडते यावर, हा प्रश्न तिने उघडपणे विचारला होता.

प्रश्न बरोबर होता, पण दाराने त्याची दखल घेतली नाही. नई तालीमच्या शाळेत उत्तम शिकलेल्या मुलाने पुढे रूढ विद्यापीठाच्या दारात कोणता कागद दाखवायचा? १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहून या मुलांसाठी वेगळा जिना सुचवला. परंतु नोकरी देणारे तोच जुना दाखला मागत राहिले. कोणताही बाप, मग तो कितीही गांधीभक्त असो, मुलाला अशा वाटेने पाठवायला धजत नाही जिच्या टोकाला फाटक बंद आहे. शाळा सुधारायची आणि वरचे दार तसेच ठेवायचे, अशाने शाळाही सुधारत नाही, हा १९३७ च्या प्रयोगाचा धडा आहे.

स्वातंत्र्यानंतर दाराचा प्रश्न राज्यघटनेपर्यंत गेला. मद्रास सरकारच्या जातवार जागावाटपाच्या आदेशाविरुद्ध वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाचे खटले उभे राहिले आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. त्याच वर्षी संसदेने घटनेची पहिली दुरुस्ती करून कलम १५ मध्ये चौथे पोटकलम घातले. मागासलेल्या वर्गांसाठी शिक्षणात खास तरतूद करण्याचा राज्यांचा अधिकार त्यावर उभा आहे. घटना अमलात येऊन दीड वर्षही झाले नव्हते आणि तिची पहिली दुरुस्ती ज्या कारणांनी झाली त्यांत महाविद्यालयाचा प्रवेश हे एक कारण होते! प्रवेश ही शाळाखात्याची किरकोळ बाब आहे असे समजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

दुसरा वर्ध्याचा विचार १९६९ चा. गांधी जन्मशताब्दीच्या त्या वर्षी डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. त्या गांधीजींच्या सहवासात वाढलेल्या डॉक्टर आणि केंद्राच्या माजी आरोग्यमंत्री. खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय काढायचे आणि खेड्यासाठी डॉक्टर घडवायचे, हा हेतू. बहुतेक खर्च केंद्र व राज्य सरकारचा, म्हणजे तुमच्या-आमच्या करांचा. मग आत कोणाला घ्यायचे? संस्थेने आपली स्वतंत्र प्रवेशपरीक्षा ठेवली. तिच्यात विज्ञानाचे विषय होतेच, पण त्यांच्या जोडीला गांधीविचाराचा एक वेगळा पेपर होता. निम्म्या जागा महाराष्ट्राला आणि निम्म्या उरलेल्या देशाला. प्रवेश मिळाल्यावर पहिले दिवस आश्रमातल्या शिबिरात काढायचे, खादी वापरायची, श्रमदान करायचे, सर्वधर्म प्रार्थनेला बसायचे. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने त्या गावातल्या काही कुटुंबांच्या आरोग्याची नोंद ठेवायची. पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेचीही अट आली.

या पेपरावर आक्षेप घेता येतात, आणि ते मी लपवणार नाही. गांधीविचाराचीही घोकंपट्टी करता येते. खेड्यात राहीन असे कागदावर लिहून देणारा मुलगा पदवी हातात पडताच शहराची गाडी पकडू शकतो. शिवाय प्रत्येक संस्थेची परीक्षा वेगळी असली की गरिबाच्या मुलाला प्रत्येक ठिकाणी वेगळी फी आणि वेगळे रेल्वेभाडे मोजावे लागते. हे सगळे खरे. तरीसुद्धा त्या पेपराने एक गोष्ट केली. तुला किती येते, या प्रश्नाबरोबर तू हे कशासाठी शिकणार आहेस, हा प्रश्न त्याने दारातच विचारला. उत्तर खोटे असू शकेल. पण प्रश्न विचारल्यामुळे संस्थेलाही स्वतःचे उत्तर देणे भाग पडले. दत्तक गाव ही तिची रोजची उत्तरपत्रिका झाली.

याच काळात राज्यात दुसरीकडे वेगळेच वारे सुटले होते. १९८३ साली विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि देणगी हा शब्द प्रवेशाच्या शब्दकोशात आला. तिच्यावर बंदी घालणारा कायदा राज्याला १९८७ साली करावा लागला. कायद्याची गरज पडली यावरूनच रोग किती पसरला होता ते कळते. पुढे राज्याची सीईटी आली. वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या त्या विभागाच्या मुलांना आणि ३० टक्के साऱ्या राज्याला, असा नियम बरीच वर्षे होता. विदर्भाला त्याचा फायदा होतो की तोटा यावर पुष्कळ वाद झाले आणि २०२० साली तो रद्द झाला. तोपर्यंत देशभरासाठी एकच परीक्षा, म्हणजे नीट, आली होती. २०१३ साली ती प्रथम घेतली गेली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि २०१६ साली न्यायालयाने आपलाच निर्णय मागे घेतल्यावर ती कायम झाली. सेवाग्रामचे दारही मग नीटच्या गुणांवर उघडू लागले. गांधीविचाराच्या पेपराला निवडीत स्थान उरले नाही. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची अशीच स्वतःची निवडपद्धत होती. २०१७ साली त्या महाविद्यालयाने निषेध म्हणून एमबीबीएसला एकच विद्यार्थी घेतला. पण २०२० साली न्यायालयाने नीट सर्वांना लागू असल्याचाच निर्वाळा दिला.

नीट वाईट म्हणून मोकळे व्हावे, असे मी म्हणणार नाही. आणि याचे कारण मला गिरणीच्या फाटकाने शिकवले आहे. कापडगिरणीत जुन्या काळी रोज सकाळी बदली कामगार फाटकापाशी गोळा होत. त्यांतून कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. जॉबरची मर्जी म्हणजे त्याच्या गावचा, त्याच्या जातीचा, नाहीतर त्याच्या हातावर चार पैसे ठेवणारा. १९३१ च्या शाही मजूर आयोगाने या लाचलुचपतीची नोंद केली आहे. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ साली बदली नियंत्रण पद्धत आणली : ठरलेल्या लोकांना कार्ड द्यायचे आणि त्यांच्यातूनच बदली घ्यायचे. कामगारांच्या दृष्टीने लेखी यादी ही मर्जीपेक्षा शतपटीने बरी. देणगी मागणाऱ्या संस्थाचालकापेक्षा आणि मुलाखतीत आडनाव विचारणाऱ्या समितीपेक्षा नीटची यादी मला याच कारणाने बरी वाटते.

पण यादी बरी असली तरी तिच्यात नाव कसे चढते, हा प्रश्न शिल्लक राहतोच. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुले नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा लाखभराच्या आसपास. एवढ्या चाळणीत तीन तासांचा वेग विकत घेता येतो, आणि तो कोचिंग क्लासात विकत मिळतो. त्याच वर्षी पहिल्या निकालात ६७ मुलांना पैकीच्या पैकी ७२० गुण पडले, पेपर फुटल्याच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने परीक्षा रद्द केली नाही, पण यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, हे देशाला कळले. शिवाय प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते हे खरे असले, तरी अकरावी-बारावीचे विज्ञान बहुतेक मुले इंग्रजीतूनच शिकतात. रानड्यांची खटपट अजून संपलेली नाही.

आणि परीक्षेच्या आधी एक कागदांची परीक्षा असते. जिनिंगमध्ये सरकी-रुईच्या धुरळ्यात काम करणाऱ्या रेजांची आणि हमालांची मुले दर उन्हाळ्यात संघटनेच्या कचेरीत येतात. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र. हंगामी कामगाराला उत्पन्नाचा पुरावा कोण देणार? एका कारखान्यात मी स्वतः तीन खेपा घातल्या. शेवटी व्यवस्थापकाने सांगितले की हजेरीपटावर त्या बाईचे नावच नाही. अकरा हंगाम तिने तिथे काम केले होते. मुलीला गुण होते. दाखला वेळेत न मिळाल्याने राखीव जागेवरचा तिचा हक्क त्या फेरीत गेला. तिला कोणत्याही परीक्षेने नापास केले नव्हते. तिच्या आईला कोणी कामगार म्हणून नोंदवले नाही, म्हणून ती बाहेर राहिली. त्या दिवसापासून हजेरीपटाचे भांडण हे मी शिक्षणाचेही भांडण मानतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. तमिळनाडूने २०२० साली कायदा करून, नीट उत्तीर्ण झालेल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या राज्य कोट्यातल्या ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या. यादी मोडली नाही, पण यादीत चढणाऱ्यांचा आरंभ कोठून झाला हे लक्षात घेतले. आपल्या राज्यात जिल्हा परिषदेच्या आणि नगर परिषदेच्या शाळांतल्या मुलांसाठी अशा तरतुदीचा विचार का होऊ नये? दुसरे, सेवाग्रामचा प्रश्न दारातून गेला असला तरी तो आत विचारता येतो. खेड्यात प्रत्यक्ष काम केलेल्याला पुढच्या शिक्षणात अग्रक्रम मिळावा, ही गोष्ट पेपर लिहून घेण्यापेक्षा अधिक भरवशाची आहे. कारण तिथे उत्तर शब्दांत द्यायचे नसते. वर्ध्याने १९३७ साली हेच सांगितले होते : माणसाची पारख त्याच्या हातच्या कामावरून करा.

तिसरी गोष्ट आपणा नागरिकांच्या हातची आहे. जिल्ह्यात आज दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत, अभियांत्रिकीची आहेत, १९९७ साली स्थापन झालेले केंद्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. दरवर्षी त्यांना तीन आकडे विचारावेत. प्रवेश मिळालेल्यांपैकी जिल्ह्यातले किती? सरकारी व मराठी माध्यमाच्या शाळांतून आलेले किती? आणि बाहेर पडलेल्यांपैकी खेड्यात काम करणारे किती? हे आकडे दर वसंतात नगरवाचनालयाच्या फलकावर लागावेत. त्यासाठी मोर्चा लागत नाही, माहितीचा एक अर्ज पुरतो; आणि तो अर्ज लिहून देण्याचे काम आमची संघटना आनंदाने करील. त्याबरोबर दाखल्यांच्या दिवसांत, मे-जून महिन्यांत, कागद समजावून सांगणारा एक जाणता माणूस प्रत्येक वाचनालयात बसवता आला, तर पुढच्या वर्षी त्या रेजेच्या मुलीसारखी दुसरी मुलगी फेरी चुकणार नाही. आपल्यापैकी निवृत्त झालेल्या कारकून-शिक्षक मंडळींनी आठवड्याचे दोन तास द्यावेत, एवढीच माझी विनंती आहे.